जसा ऋतू, तसा पेला

नोव्हेंबर उजाडला की आपल्या दुबईत घरोघरी एक वाक्य ऐकू येते, "हवा बदलली बरं का!" सहा महिने बंद असलेले बाल्कनीचे दार उघडते, एसीचा आवाज थांबतो आणि शुक्रवार-शनिवारच्या बैठका बाहेर मोकळ्यावर बसू लागतात. अशाच बैठकांत हल्ली एक नवा विषय निघतो. अमुक वाईन उन्हाळ्याची, तमुक थंडीची. ही माशांबरोबर, ती मटणाबरोबर. मग हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, "हे सगळे साहेबाचे फॅड! आपल्या संस्कृतीत असले काही नव्हते." दुसरा लगेच उसळतो, "अरे, सोमरस पिणाऱ्यांचे वंशज आपण! सगळे आपलेच आहे."

हे दोन्ही तट अर्धेच खरे बोलतात, असे मला वाटते. ऋतू, जेवण आणि प्रकृती पाहून पेय निवडण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे आणि बारकाईने केलेला आहे. पण तो विचार जितका मोकळा, तितकाच कडकही आहे. त्यातला मोकळेपणा आपण चटकन उचलतो आणि कडकपणा सोयीस्करपणे विसरतो. या लेखात दोन्ही बाजू मांडायच्या आहेत. जे घेत नाहीत त्यांनीही लेख जरूर वाचावा, कारण शेवटी त्यांच्यासाठीही एक पेला ठेवला आहे!

वाळूतले कुंभ

सुरुवात आपण राहतो तिथूनच करू. शारजातील मलीहा येथे सुट्टीच्या दिवशी आपल्यापैकी अनेकजण जाऊन आले असतील. २०१६ मध्ये तिथे पुरातत्त्व केंद्र सुरू झाले. इसवी सनापूर्वीचे तिसरे शतक ते इसवी सनाचे तिसरे शतक या काळात मलीहा हे वाळवंटातील भरभराटीचे व्यापारी गाव होते. तिथल्या उत्खननात ग्रीसजवळच्या ऱ्होड्स बेटावरून आलेल्या मद्यकुंभांचे कान सापडले आणि त्यांवर तिथल्या कुंभारांचे शिक्के आहेत. तळाशी निमुळते, दोन कानांचे हे उंच कुंभ म्हणजे त्या काळच्या 'बाटल्या'. शिक्क्यांमुळे माल कुठला, कधीचा हे कळत असे. आजच्या लेबलचेच हे पूर्वज म्हणायचे.

दुसरे ठिकाण उम्म अल क्वैनमधील एद्-दूर. रास अल खैमाकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावरून जाताना आपण त्याच्या जवळून जातो, पण तिकडे वळत मात्र नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात हे आखातातील एक महत्त्वाचे बंदर होते. येथे सूर्यदेवाचे देऊळ सापडले, रोमन काच सापडली, हिंदुस्थानातली नाणीही सापडली. मलीहा आणि एद्-दूर येथील थडग्यांत काशाचे वाडगे, पळ्या आणि गाळण्याही मिळाल्या. त्या काळी वाईन गाळून, पाणी मिसळून पीत. त्यासाठीचा हा सरंजाम होता. मृत्यूनंतरही तो सोबत असावा असे त्या लोकांना वाटत असे. आज शारजात मद्याला पूर्ण बंदी आहे आणि तिथे राहणाऱ्या आपण सर्वांनी ती पाळायचीच. पण त्याच मातीत दोन हजार वर्षांपूर्वीचे हे कुंभ निघावेत, ही इतिहासाची गंमत आहे.

भडोचचा बाजार, पैठणची वाट

या किनाऱ्याचा आणि आपल्या महाराष्ट्राचा संबंध काय? तो 'पेरिप्लस' या ग्रंथात सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली ही समुद्रमार्गाची माहितीपुस्तिका आहे. तीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीत वाईनही आहे. इटलीच्या वाईनला सर्वांत जास्त मागणी. शिवाय सीरियाच्या किनाऱ्यावरील लाओडिसियाची आणि अरबस्तानची. राजासाठी म्हणून वेगळी उंची वाईन येई, असेही लेखक सांगतो. आखातातील ओमाना या बंदरातून मोती, खजूर आणि वाईन भडोचला जाई, अशीही नोंद आहे. ओमाना नेमके कुठले यावर विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते ते आपले एद्-दूरच.

भडोचहून पुढे दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे पेरिप्लस म्हणतो. ही बैलगाड्यांची वाट होती. मोठे कुंभ फोडून न घेता ते घाटावर चढवणे सोपे नसणार! पण नेवाशाच्या उत्खननात अशा कुंभांचे तुकडे निघाले, मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर तर पुष्कळच. त्यांतले काही तुकडे रोमन नसून इराककडील, आतून डांबर फासलेल्या लांबट कुंभांचे आहेत, हे अलीकडच्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे आखातातून कोकणात येणारी ही वाट रोमन व्यापार ओसरल्यावरही चालूच राहिली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेल्या रोमन काशाच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची सुबक मूर्ती सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच ठेव्यात वाईन ओतण्याच्या सुरयाही होत्या.

पेरिप्लसच्या काळी भडोचवर राज्य होते क्षहरात क्षत्रप नहपानाचे, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याचा पराभव केला गौतमीपुत्र सातकर्णीने. त्याची साक्ष देणारा नाण्यांचा मोठा साठा १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडला. तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या छापावर सातकर्णीचा छाप! ज्या राजासाठी समुद्रापलीकडून उंची वाईन येई, त्याची नाणी निघाली ती नाशिकच्या मातीतून. त्या नाशिककडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

वाग्भटांचे वेळापत्रक

बाहेरून वाईन येत होती हे खरे, पण ती कधी प्यावी याचा विचार आपल्याकडे स्वतंत्रपणे झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यविभागाच्या अधिकाऱ्यावर एक पूर्ण अध्याय आहे. त्यात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि प्रदेशावरून त्याची कापिशायन व हारहूरक ही नावे दिली आहेत. कापिशायन म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील कपिशाकडचे. शॅम्पेनचे नाव प्रदेशावरून पडले याचे आपण कौतुक करतो, ती रीत आपल्याकडे इतकी जुनी! पानगृहे कशी असावीत हेही कौटिल्य सांगतो. वेगवेगळी दालने, बसण्याची-निजण्याची सोय, सुगंध, फुले, पाणी, आणि प्रत्येक ऋतूत सुखकर होईल अशी रचना. ऋतूचा विचार इथे इमारतीपर्यंत पोहोचला आहे.

पण खरे वेळापत्रक आहे ते वैद्यांकडे. चरकसंहितेत आसवांचे नऊ उगम मोजले आहेत: धान्य, फळे, मुळे, झाडाचा गाभा, फुले, कांडे, पाने, साल आणि साखर. त्यांपासूनचे एकूण ८४ प्रकार तिथे दिले आहेत. सुमारे सहाव्या-सातव्या शतकातील वाग्भटांच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्याचा गाभा थोडक्यात असा.

हेमंत-शिशिरात, म्हणजे थंडीत, जठराग्नी प्रबळ असतो. म्हणून तेला-तुपाचे, उडदाचे, गुळाचे, मांसरसाचे जड जेवण चालते आणि त्याच्याबरोबर गुळाचे व पिठाचे मद्य. वसंतात थंडीत साठलेला कफ उन्हाने पातळ होतो आणि भूक मंदावते. म्हणून जुने गहू-जव, मध असा हलका आहार आणि आसव, अरिष्ट, मध व द्राक्षांपासूनची हलकी मद्ये. तीही एकट्याने नव्हे, मित्रांच्या संगतीत. पावसाळ्यात अग्नी सर्वांत दुबळा, म्हणून जुने मुरलेले अरिष्ट, आणि पाणी उकळून. शरदात पित्त उसळते, म्हणून तीक्ष्ण मद्य टाळावे.

आणि ग्रीष्मात? इथे वाग्भट स्पष्टच सांगतात. मद्य पिऊ नये. प्यायचेच झाले तर अगदी थोडे, नाहीतर भरपूर पाणी घालून. तसे केले नाही तर सूज, शरीराचा ढिलेपणा, दाह आणि भ्रम ठरलेला.

जेवणाचाही मेळ सांगितला आहे. चरकांच्या मते वातप्रकृतीच्या माणसाने अंगाला तेल लावून, स्नान करून, स्निग्ध व गरम जेवणाबरोबर घ्यावे. पित्तप्रकृतीच्या माणसाने थंड व गोड पदार्थांबरोबर. कफप्रकृतीच्या माणसाने जव-गहू आणि मिरी घातलेल्या मांसाबरोबर. विधीने घेतलेले मद्य अमृतासारखे आणि अविधीने घेतलेले रोगाचे मूळ, असा त्यांचा निर्वाळा आहे.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणी वाटते ती ऋतुसंधीची कल्पना. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून चौदा दिवसांचा हा काळ. या दिवसांत जुनी सवय हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. हवा एका रात्रीत बदलली तरी शरीर एका रात्रीत बदलत नाही, हे त्या वैद्यांना पक्के ठाऊक होते.

तेव्हा "आमच्याकडे असले काही नव्हते" म्हणणाऱ्यांनी आजीचे औषधाचे कपाट आठवावे. त्यात द्राक्षासव असे, बाळंतिणीसाठी दशमूलारिष्ट असे. आसव-अरिष्टे आंबवूनच होतात आणि त्यांत आपोआप तयार झालेले थोडे मद्यार्क असतेच. फक्त ते चमच्याने, जेवणानंतर, समभाग पाणी घालून मिळत असे. नेमके तेच विसरून कसे चालेल?

दौलताबादची द्राक्षे, शिराझची वाईन

ऋतूचा हा विचार पुढेही दिसत राहतो. आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण, म्हणजे जुने कल्याणी, येथून राज्य करणाऱ्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सन ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. मराठीच्या जुन्या खुणा सापडतात म्हणून तो आपल्याला प्रिय. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये पाण्याचाही स्वतंत्र विचार आहे. कोणत्या ऋतूत कोणते पाणी प्यावे, याचा! पेय निवडण्याची कला पाण्यापासून सुरू होते, हे राजालाही मान्य होते.

१३४२ च्या सुमारास इब्न बतूता दौलताबादेवरून गेला. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने लिहून ठेवले. ही एका ओळीची नोंद पुढे किती महत्त्वाची ठरते ते पाहूच.

सतराव्या शतकात सुरत आणि मुंबईच्या इंग्रज वखारींत इराणच्या शिराझची वाईन आखातातून येई. पण युरोपातल्या हलक्या वाईन आपल्याकडच्या उकाड्यात टिकत नसत. म्हणून साहेबाने आपली निवड हवेप्रमाणे बदलली. अटलांटिकमधील मदिरा बेटाची वाईन उष्ण समुद्रप्रवासात बिघडण्याऐवजी अधिक चवदार होते, असे ध्यानात आल्यावर ती कंपनीच्या लोकांची आवडती झाली. १६७० च्या दशकात आपल्याकडे आलेला डॉक्टर जॉन फ्रायर 'पंच' या पेयाबद्दल लिहितो आणि पाच जिन्नसांमुळे त्याला हिंदुस्थानी 'पाच'वरून हे नाव पडले असे सांगतो. लिंबू, साखर, मसाला आणि पाणी घालून कडक अरक सौम्य करण्याची ही युक्ती होती. साहेबाचे फॅड म्हणतो आपण, पण उष्ण हवेत कसे प्यावे हे साहेब इथे येऊन शिकला!

नाशिकचा उलटा हंगाम

आता इब्न बतूताची ती ओळ आठवा. युरोपात द्राक्षवेल थंडीत झोपतो आणि द्राक्षे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये तोडतात. आपल्याकडे त्याला झोपवील इतकी थंडी नाही. सोडले तर वेल वर्षभर वाढत राहील आणि फळ नेमके पावसात सापडून कुजेल. म्हणून आपला शेतकरी वेलाची छाटणी दोनदा करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. द्राक्षे येतात जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या थंड हवेत. दोन पिकांची क्षमता असलेल्या वेलाकडून शेतकरी एकच, पण योग्य ऋतूतले पीक घेतो. पिण्याच्या आधी पिकवतानाच ऋतूची निवड झालेली असते!

या द्राक्षांची आधुनिक वाईन प्रथम नारायणगावला झाली. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाईन काढली आणि ती परदेशांत 'उमर खय्याम' या नावाने विकली. ती कंपनी पुढे आर्थिक अडचणीत बुडाली. दरम्यान राजीव सामंत अमेरिकेतून नाशिकला परतले, त्यांनी द्राक्षे लावली आणि २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आणली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे वाईन उद्यानांची योजना आली. पुढे 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

नाशिकचे पहिले यश शेनां ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या, थंड करून प्यायच्या वाईनला मिळाले, यात नवल नाही. तुरट, कडक लाल वाईनबरोबर मिरचीचा जाळ अधिक जाणवतो. किंचित गोडसर, आंबूस पांढरी वाईन तो शमवते. आपला तांबडा रस्सा आणि कोळंबीचे कालवण तिच्याशी जुळते ते यामुळे. पित्ताला थंड आणि गोड, हे चरकांचे सूत्रच इथे वेगळ्या भाषेत भेटते.

आपल्या इथला ग्रीष्म

आता शेवटचा आणि मुद्द्याचा प्रश्न. वाग्भटांचे वेळापत्रक अमिरातीला लावले तर काय दिसते? नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला हेमंत-शिशिर, मार्चमध्ये घाईघाईने येऊन जाणारा वसंत, आणि मग थेट ऑक्टोबरपर्यंत ग्रीष्म! वर्षा नाहीच; तिच्याऐवजी किनाऱ्यावरची घामट दमट हवा. म्हणजे ज्या ऋतूत मद्य नको असे सांगितले, तोच आपल्याकडे वर्षातला सर्वांत मोठा ऋतू. एसीच्या खोलीत बसल्यामुळे आपल्याला तो हेमंत वाटतो, पण दिवसभर उन्हात झिजलेले शरीर फसत नाही. मद्याने शरीरातले पाणी कमी होते, हे आजचे वैद्यकही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असे स्पष्ट केले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या देशात घरदार मागे ठेवून एकेकट्याने राहणारी आपली कितीतरी माणसे आहेत. जुन्या वैद्यांनी ऋतू, जेवण आणि सोबत या तिन्हींचा मेळ सांगितला. उन्हाळ्याच्या दिवसांत, उपाशीपोटी, एकट्याने खोलीत बसून रिकामी केलेली बाटली या तिन्ही नियमांच्या विरुद्ध आहे. "आपल्या पूर्वजांनीही प्यायली" हे म्हणणे तिथे कामाला येत नाही. अशा मित्राला वाईनची माहिती नको असते; त्याला शुक्रवारच्या जेवणाचे आमंत्रण हवे असते. मंडळाचा कार्यक्रम ठरवताना आपण त्याची आठवण ठेवू या.

आणि आता तो राखून ठेवलेला पेला. ग्रीष्मात मद्य वर्ज्य सांगताना वाग्भटांनी रिकाम्या हाताने परत पाठवलेले नाही. नव्या मातीच्या भांड्यात गार केलेले 'पंचसार पानक' प्या, असे ते सुचवतात. आपले पन्हे हे या 'पानका'चेच मराठी रूप. द्राक्षे, मोहाची फुले, खजूर, शिवणीची फळे आणि फालसा ही त्यातली पाच सारे टीकाकार सांगतात, वरून कापराचा किंचित वास. दाह आणि तहान भागवणारे हे पेय.

त्यातले मोहफूल, शिवण आणि फालसा इथे मिळणे कठीण. पण उरलेली दोन फळे पाहा. द्राक्षे नाशिकची आणि खजूर इथला! दोन हजार वर्षांपूर्वी ज्या समुद्रावरून खजूर आणि वाईन भडोचला गेली, त्याच समुद्राच्या दोन काठांची फळे एका मातीच्या मडक्यात एकत्र येतात. रात्री दोन्ही भिजत घालावीत, सकाळी कुस्करून गाळावीत, गार करावीत आणि जूनच्या दुपारी लहानथोर सर्वांनी मिळून प्यावीत. थंडी आली की ज्याने त्याने आपापला पेला, या देशाच्या नियमांत राहून, जेवणाबरोबर आणि मित्रांच्या सोबतीने बेताने निवडावा. ऋतू ओळखायला मात्र चुकू नये.